वर्गातील मुखपट्टी आणि आपली मुले



यंदाच्या पावसाळ्यात आपल्या शाळेत सर्दी-तापाची साथ आली, तेव्हा बाईंनी मुलांना एक चिठ्ठी दिली. ज्याला खोकला आहे त्याने घरी राहावे, आणि यायचेच असेल तर तोंडाला मुखपट्टी, म्हणजे आपण सारे ज्याला मास्क म्हणतो ती, लावून यावे, एवढेच त्या चिठ्ठीत होते. पण त्यावरून पालकसभेत जे वादळ उठले ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. एक बाजू म्हणाली, सगळ्याच मुलांना मास्क सक्तीचा करा. दुसरी म्हणाली, कोरोनाच्या वेळी या मास्कने आमच्या पोरांचे डोके बंद पडले, आता पुन्हा ते नको. मागच्या बाकावरून एक वडीलधारे शेतकरी उठले आणि आम्हाला उद्देशून म्हणाले, "फादर, बैलास्नी मुसकी बांधल्यागत पोरांची तोंडं बांधायची म्हंजे काय!" सारी सभा हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर तेव्हा सुचले नाही, म्हणून या पानावर लिहितो असे कबूल करून आलो.

उत्तर त्यांच्याच बोलण्यात होते, हे घरी आल्यावर ध्यानात आले. पवित्र शास्त्रात अनुवादाच्या पुस्तकात मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधण्यास मनाई केलेली आहे, आणि संत पौलानेही त्या नियमाचा दाखला दिला आहे. पण कोळपणीच्या वेळी आपण बैलाला मुसके बांधतोच, कारण न बांधले तर उभ्या पिकात तो तोंड घालील. म्हणजे मुसके मुळात चांगले की वाईट, हा प्रश्नच नव्हे. कोणत्या कामाला, किती वेळ, आणि सुटल्यावर बैलाला पाणी दाखवले की नाही, हे प्रश्न खरे. मास्कचेही तसेच पाहावे लागेल.

मास्क ही काही कोरोनात निघालेली वस्तू नाही. 1897 साली ब्रेस्लाव शहरातील मिकुलिच नावाच्या शल्यवैद्याने शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीचे कापड बांधायला सुरुवात केली. बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू जखमेत पडतात, असे तेव्हा नुकतेच दिसून आले होते. पुढे 1910-11 च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे मेली. तेथे वू लिएन-ते या तरुण डॉक्टरने कापूस आणि जाळीच्या कापडाची मुखपट्टी वापरण्याचा आग्रह धरला. मेनी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरला तो आग्रह हास्यास्पद वाटला. ते मुखपट्टीवाचून रुग्णांत गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगनेच वारले. आपल्या बेळगाव भागातल्या जुन्या माणसांनी त्यांच्या आजा-पणज्यांकडून प्लेगाच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहणे हाच तेव्हा आपल्या लोकांचा बचाव होता.

मुलांच्या बाबतीत मात्र नियम नेहमीच सौम्य होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ऑगस्ट 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितले की पाच वर्षे व त्याखालील मुलांना मास्कची सक्ती करू नये. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांबाबत साथ किती आहे, मुलाला मास्क नीट वापरता येतो का, आणि शिकण्यावर काय परिणाम होईल, हे पाहून ठरवावे. बारा वर्षांपुढील मुलांनी मोठ्यांप्रमाणे वापरावा. आपल्या देशाच्या आरोग्य खात्याच्या 2021 व 2022 च्या सूचनाही याच धर्तीवर होत्या. प्रत्यक्षात काय झाले? कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग 25 ऑक्टोबर 2021 पासून भरू लागले, आणि सहा वर्षांचे मूल काय, चौदा वर्षांचे काय, सर्वांना एकाच मापाचा मास्क लावला गेला. पुष्कळ लहानांच्या तो डोळ्यांपर्यंत चढत होता किंवा हनुवटीवर लोंबत होता. त्यांच्यासाठी लहान मापाचे आणावेत हे आम्हालाही सुचले नव्हते.

आता शरीराचा विचार करू. पहिली भीती अशी की मास्कने प्राणवायू कमी मिळतो. ही भीती खरी नाही, आणि का खरी नाही हे समजून घेण्यासारखे आहे. आपण तांदूळ चाळतो तेव्हा चाळणीत तांदूळ अडतो, कोंडा गळतो. मास्कने अडवायचे असतात ते तोंडातून उडणारे थेंब आणि बारीक तुषार, ज्यांवर स्वार होऊन विषाणू येतो. प्राणवायूचा कण तर एकट्या विषाणूपेक्षाही शेकडो पटीने लहान असतो. त्याच्या दृष्टीने मास्क म्हणजे उघडा दरवाजाच. इटलीत 47 लहान मुलांवर झालेली एक पाहणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांना अर्धा तास मास्कवाचून आणि अर्धा तास मास्क लावून ठेवले. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणात चिंता करावी असा फरक आढळला नाही.

दुसरी भीती कार्बन डायऑक्साइडची. बाहेरच्या हवेत हा वायू अगदी थोडा, दहा हजार भागांत चार भाग असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो शंभरात चार भाग असतो. मास्क आणि चेहरा यांच्यामधल्या पोकळीत सोडलेल्या श्वासाचा थोडा भाग राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर तो प्रथम आत जातो, हे खरे. पण ती पोकळी लहान असते, मागोमाग ताजी हवा येते, आणि शरीर श्वास किंचित खोल करून तेवढे भरून काढते. 2021 च्या जून अखेरीस अमेरिकेतील एका मोठ्या बालवैद्यक मासिकात एक लेख आला होता. मास्कमागे मुले घातक प्रमाणात हा वायू ओढतात, असे त्यात म्हटले होते. त्या लेखाचे फोटो मोबाइलवरून आपल्या गावांतही फिरले. मोजण्याचे यंत्र आणि पद्धत यांवर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि मासिकाने दोन-तीन आठवड्यांतच तो लेख मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र कोणीही पुढे पाठवली नाही.

म्हणून "जीव गुदमरतो" असे म्हणणारे मूल खोटे बोलते, असे मात्र कोणी समजू नये. गुदमरल्यासारखे वाटते ते वेगळ्या कारणाने. आपला श्वास उबदार आणि ओला असतो. चेहऱ्यावर ऊब व ओल साचली की तेथील मज्जातंतू मेंदूला तसे कळवतात, आणि मेंदू त्याचा अर्थ कोंडमारा असा घेतो. शिवाय ओल्या कापडातून हवा ओढायला खरोखरच जोर लागतो. पावसात भिजत दोन मैल चालत आलेल्या मुलाच्या तोंडावरचा तो चिंब कापडी तुकडा जर कोणी स्वतः लावून पाहिला असता, तर "नाटक करू नकोस" असे कोणी म्हटले नसते. ज्याला दमा आहे त्याने मास्क लावू नये असे नाही, परंतु धाप लागली की तो ताबडतोब काढण्याची मोकळीक त्याला असलीच पाहिजे. धावण्याच्या व खेळण्याच्या वेळी तर कोणत्याच मुलाला तो लावू नये.

शरीराला झालेले खरे त्रास याहून साधे होते. गालांवर आणि कानांमागे पुरळ, चष्म्यावर वाफ, दुपारी डोकेदुखी. डोकेदुखीचे एक मोठे कारण आमच्या मते पाणी. मास्क खाली ओढायला नको म्हणून मुले पाणी पीत नसत. आणि मुली तर शाळेच्या मुतारीची अवस्था पाहून आधीच पाणी कमी पितात. पाचवीतली एक मुलगी सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी नेत असे, हे तिच्या आईनेच आम्हाला सांगितले. 2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचा आजार पसरला तेव्हा तो अस्वच्छ मास्कमुळे होतो अशी बोलवा उठली होती. त्या आजाराची मुख्य कारणे ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइड औषधांचा अतिरेक ही होती. तरीही कापडी मास्क रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवायलाच हवा, आणि निळा पातळ मास्क धुऊन पुन्हा वापरायचा नसतो. त्याच्या मधल्या थरात कण धरून ठेवणारा विजेचा भार असतो, तो धुण्याने जातो.

इथवर शरीराचे झाले. आमच्या मते खरी काळजी मनाची आणि कानाची आहे, आणि त्यावर पालकसभेत कोणी बोललेच नाही.

आपण कानाने ऐकतो असे समजतो. खरे तर थोडेसे डोळ्यांनीही ऐकतो. 1976 साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या दोघा संशोधकांनी एक मजेदार गोष्ट दाखवली. बोलणाऱ्याचे ओठ "गा" म्हणताना दिसत आहेत आणि आवाज मात्र "बा" चा लावला आहे, तर पाहणाऱ्या पुष्कळांना ऐकू येते "दा"! डोळे मिटले की तेच लोक "बा" बरोबर ऐकतात. म्हणजे ओठ दिसणे हा ऐकण्याचाच एक भाग आहे. मास्क ओठ तर झाकतोच, शिवाय आवाजातले उंच, बारीक सूर दाबतो, आणि प, त, क, स, श ही व्यंजने त्या बारीक सुरांवरूनच एकमेकांपासून ओळखू येतात. स्वर मोठ्याने ऐकू येतात, व्यंजने पुसट होतात. घोंगडी पांघरून कोणी बोलावे तसे.

त्या वर्षी आम्ही प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या मुलांना धर्मशिक्षण देत होतो, अर्थात मास्क लावूनच. एकदा शुद्धलेखन घातले. आम्ही "पाप" म्हटले. चौघांनी "ताप" लिहिले आणि एकाने "काप". ज्याने "ताप" लिहिले त्याला विचारले तर म्हणाला, फादर, हल्ली सगळे तापाचंच बोलतात. त्या दिवसांत लोकांना पापापेक्षा तापाचे भय अधिक होते, हे कबूल करावे लागेल!

आपल्या सीमाभागातल्या मुलांना याचा आणखी एक फटका बसला. मराठी शब्द अर्धामुर्धा ऐकू आला तरी मूल उरलेला भाग मनाने भरून काढते, कारण तो शब्द घरात शंभर वेळा ऐकलेला असतो. कन्नडचा शब्द नवाच असतो. भरून काढायला मनात काही नसते. "हालु" म्हणजे दूध, "पालु" म्हणजे वाटा, "कालु" म्हणजे पाय. मास्कमागून हे तिन्ही जवळजवळ सारखेच. ज्यांची कन्नड कच्ची राहिली त्या मुलांना आपण मठ्ठ म्हणण्याची घाई केली. अर्थात दीड वर्षाहून अधिक काळ प्राथमिक शाळाच बंद होती, आणि त्या बंदने केलेले नुकसान मास्कच्या नावावर लिहिणे योग्य नाही. तिसरीत आलेल्या मुलाने पहिलीचा शेवट पाहिला नव्हता आणि दुसरीचा वर्ग मुळीच नाही.

एका मुलीची गोष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. तिच्या आईवडिलांनी सांगण्यास संमती दिली आहे, नाव अर्थातच देत नाही. 2020 पूर्वी ही मुलगी पहिल्या बाकावर बसणारी, फार हुशार नाही पण वर्गाबरोबर चालणारी. शाळा पुन्हा उघडल्यावर ती गप्प झाली. विचारले तर काहीतरी भलतेच उत्तर देई. मुले हसू लागली, मग तिने उत्तर देणेच सोडले. घरची थोडी भातशेती, दोन म्हशी, काही शेळ्या. वडील आमच्याकडे येऊन म्हणाले, "फादर, तिचं डोकं काय चालंना. घरात राहू दे, शेळ्यांमागं तरी जाईल." आम्ही त्यांना समजावले खरे, पण आमचीही मनातली समजूत तीच होती, हे आज लपवून काय उपयोग?

तिच्या वर्गाच्या सिस्टरांनी एक गोष्ट पाहिली. दुपारी डबे खाताना मास्क निघाले की ही मुलगी मैत्रिणींशी घडाघडा बोलत असे. मास्क चढले की पुन्हा दगड. सिस्टरांनी एके दिवशी तिला समोर उभे केले, अंतर ठेवून स्वतःचा मास्क काढला आणि पाच शब्द म्हटले, पाचही बरोबर. मग वहीने तोंड झाकून तेच शब्द म्हटले; एकही नाही. मुलगी वर्षानुवर्षे ओठ वाचत होती. हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते, कारण सगळेजण असेच ऐकतात असे तिला वाटत होते. कानाच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा दोन्ही पडद्यांना भोके निघाली. तान्हेपणापासून तिचे कान वाहत होते, आणि घरी त्यावर लसूण घालून कढवलेले तेल सोडले जात होते. पुढे एका कानाची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला यंत्र आहे. शेळ्या तिचा धाकटा भाऊ पाहतो, तोही शाळा सुटल्यावर.

मास्कने तिचे एक वर्ष घेतले हे खरे. पण मास्क नसता तर तिचे बहिरेपण कोणाला कळलेही नसते.

म्हणून आयाबायांना हात जोडून विनंती की वाहत्या कानात तेल, दूध, रस काहीही घालू नका. स्वच्छ मऊ सुती कापडाची वात करून कानाच्या तोंडाशी धरावी, ओल टिपून घ्यावी, आणि वात कोरडी निघेपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा तसे करावे. काडी, केसाची पिन, पीस आत घालू नये. आंघोळीच्या वेळी खोबरेल तेलात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, आणि कान वाहतो तोवर विहिरीत व ओढ्यात पोहणे बंद. दोन आठवड्यांत थांबला नाही तर डॉक्टरांकडे न्यावेच. आणि ताप, कानामागे सूज किंवा चक्कर असेल तर त्याच दिवशी. मूल पुन्हा पुन्हा "काय?" म्हणत असेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत असेल, तर त्याच्या बुद्धीला दोष देण्याआधी त्याचे कान तपासा.

आता चेहऱ्याबद्दल थोडे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे 7 ते 13 वर्षांच्या सुमारे ऐंशी मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखवून भाव ओळखायला सांगितले. मास्क लावलेल्या चेहऱ्यावर चुका वाढल्या, पण काळा चष्मा लावलेल्या चेहऱ्यावरही जवळजवळ तेवढ्याच झाल्या, आणि मुले नुसत्या अंदाजापेक्षा बरीच बरोबर होती. इटलीतील दुसऱ्या पाहणीत मात्र 3 ते 5 वर्षांच्या बालकांना मोठ्यांपेक्षा पुष्कळ अधिक अडचण आली. अंगणवाडीच्या वयाचे मूल बाईंचे हसू पाहून धीर धरते. ते हसू झाकले तर ते रडणारच. मोठी मुले डोळे, आवाज, हातवारे यांवरून सावरून घेतात. आमच्यापुरते सांगायचे तर त्या दोन वर्षांत प्रवचन करताना समोरचे लोक हसत आहेत की जांभया देत आहेत हे आम्हाला कधीच कळले नाही, आणि त्यामुळे काही प्रवचने नको तितकी लांबली.

तरुण मुलांची गोष्ट उलटी झाली. मास्कची सक्ती उठली तरी आठवी-नववीतली काही मुलेमुली तो काढीनात. जपानमध्ये मार्च 2023 मध्ये सरकारने मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला, तरी तेथील पोरापोरींना तोंड उघडे टाकण्याची लाज वाटे. त्यांनी मास्कला "चेहऱ्याची चड्डी" असे नावच पाडले होते. आपल्याकडेही मुरमे, पुढे आलेले दात, नुकतीच फुटलेली मिसरूड यांना मास्क हा आडोसा झाला. ओठ फाटलेला असून लहानपणी टाके घातलेली एक मुलगी मास्कच्या वर्षी वर्गात सर्वांत अधिक हात वर करू लागली होती. मास्क गेला आणि तिचा हातही खाली गेला. यात दोष कापडाचा नव्हे. तिच्या व्रणाकडे पाहणाऱ्या आम्हा सर्वांचा आहे. अशा मुलामुलींचा मास्क हिसकून काढू नये; त्यांना घरच्या माणसांत, मग मैत्रिणींत, असे हळूहळू उघडे होऊ द्यावे. फाटलेल्या ओठावरची पुढची शस्त्रक्रिया अनेक रुग्णालयांत मोफत होते, हेही कळवून ठेवतो.

इतका सारा त्रास सोसून मास्कचा उपयोग तरी होतो का? बांगलादेशात 2020-21 मध्ये 600 खेड्यांतील सुमारे साडेतीन लाख प्रौढांवर मोठी पाहणी झाली. निम्म्या खेड्यांत मास्क वाटून समजावून सांगितल्यावर वापरणारे शंभरात 13 वरून 42 झाले. ज्या खेड्यांत निळे वैद्यकीय मास्क दिले तेथे लक्षणांसह झालेला आणि रक्ततपासणीने ठरलेला कोरोना शेकडा 11 ने कमी आढळला. साठीपुढच्या माणसांत शेकडा 35 ने. कापडी मास्कचा फायदा स्पष्ट दिसला नाही. पण ही पाहणी मोठ्या माणसांवरची, वर्गात बसलेल्या मुलांवरची नव्हे. 2023 साली 78 प्रयोग एकत्र तपासणाऱ्या तज्ज्ञांनाही गावोगावी मास्क वाटण्याचा श्वसनाच्या आजारांवर किती परिणाम होतो हे ठामपणे सांगता आले नाही. आम्ही यातून असे समजतो की खोकणाऱ्याने मास्क लावणे शहाणपणाचे, म्हाताऱ्या माणसांजवळ तर विशेषच. आणि सगळ्या निरोगी मुलांना दिवसभर, महिनोन्‌महिने बांधून ठेवणे हे फक्त मोठ्या साथीतच, तेही तिचा जोर असेतोवर. ज्यांना "सर्वांना सक्ती करा" असे वाटते त्यांना हे पटणार नाही, पण आमचे मत हेच आहे.

मास्कहून खिडकीची किंमत आम्ही अधिक लावतो. आपली जुनी कौलारू शाळा पाहा. कौलांमधून, भिंतीच्या माथ्यावरच्या झरोक्यांतून हवा सतत खेळते. नवीन स्लॅबच्या खोल्यांत पावसाचे निमित्त करून खिडक्या बंद ठेवतात आणि चाळीस मुले एकमेकांचा श्वास ओढतात. बटाटे साठवतानासुद्धा आपण वारा लागेल असे ठेवतो, नाहीतर महिन्यात सडतात! पावसाच्या उलट बाजूच्या खिडक्या आणि दार उघडे ठेवावे, एवढे शाळेला सांगून झाले आहे. शिक्षकांना खोकला असून मास्क लावावा लागला तर त्यांनी ओरडू नये, सावकाश बोलावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि नवा शब्द आधी फळ्यावर लिहून मग उच्चारावा. ज्या मुलांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी शिक्षकांनी दूर उभे राहून तोंड उघडे ठेवावे.

शेवटी शेतीच्या पानाला साजेशी एक गोष्ट, कारण ती आम्ही गेल्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिली. एक गृहस्थ कोरोनातला उरलेला कापडी मास्क लावून फवारणी करत होते, आणि शेजारी पंपात पाणी ओतणाऱ्या मुलाच्या तोंडावर निळा मास्क होता. हा मास्क थेंब अडवण्यासाठी आहे. कीटकनाशकाची वाफ त्यातून सरळ आत जाते. उलट तुषारांनी भिजलेले कापड नाकाशी बांधले म्हणजे विष नाकाशी बांधले. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. फवारणीला कोळशाच्या डब्या असलेला रबरी मास्क लागतो. तो नसेल तर निदान वाऱ्याकडे पाठ करून, सकाळच्या गार वेळी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून फवारावे. हे विष बहुतांशी कातडीतून आत जाते, म्हणून लगेच साबणाने आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. मुलाला त्या शेतात नेऊच नये, मास्क लावूनही नाही.

मळणीची धूळ ही वेगळी गोष्ट. सोयाबीनचा भुसा, बुरशी धरलेला पेंढा झाडताना तिचे कण फुप्फुसात खोल जातात. ज्यांना पेंढ्याच्या कामानंतर चार-सहा तासांनी थंडी वाजून ताप आणि खोकला येतो, आणि दोन दिवसांत आपोआप बरे वाटते, त्यांनी ते साध्या पडशाचे दुखणे समजू नये. वर्षानुवर्षे असे होत राहिले तर फुप्फुस कायमचे कडक होते. या कामाला एन-95 प्रकारचा घट्ट बसणारा मास्क खरोखर उपयोगी पडतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. मळणीयंत्रावर काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी असे थोडे मास्क आम्ही आणून ठेवले आहेत; रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयातून न्यावेत.

आपला,
धर्मग्रामगुरू